अपलायन : जखमी सोबत्यापाशी उभे राहणे
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४३ : अभ्यासपाठ)

पाठाचा विषय

अठराव्या अध्यायाच्या त्रेचाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी क्षात्रकर्माची सात लक्षणे सांगितली आहेत : शौर्य, तेज, धृती, दाक्ष्य, युद्धातही अपलायन, दान आणि ईश्वरभाव. यांपैकी पाचव्या लक्षणाचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे. वरवर पाहता हे लक्षण सर्वांत सोपे वाटते. ‘अपलायन’ म्हणजे न पळणे, एवढे सांगितले की अर्थ संपला असे वाचकाला वाटते. परंतु या शब्दाचे भाषांतर करू लागले म्हणजे एक अडचण उभी राहते. रणात सोबती घायाळ होऊन पडला आहे, शत्रूची फौज अंगावर येत आहे. अशा वेळी त्याला खांद्यावर घेऊन मागे येणारा वीर पळाला असे म्हणावयाचे काय? आणि त्याला तेथेच टाकून शत्रूवर एकटा धावून जाणारा न पळालेला ठरतो काय? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय हे पद उमगले असे म्हणता येणार नाही. हा प्रश्न केवळ सैनिकाचा नाही, ज्याच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे अशा प्रत्येक गृहस्थाचा आहे.

पदविचार

‘पलायन’ हा शब्द ‘परा’ हा उपसर्ग आणि ‘अय्’ म्हणजे जाणे हा धातू यांपासून सिद्ध झाला आहे. या धातूपूर्वी उपसर्गातील ‘र’चा ‘ल’ होतो असा पाणिनीचा नियम आहे, म्हणून ‘परायन’ न होता ‘पलायन’ झाले. ‘परा’ म्हणजे उलट, तोंड फिरवून, दूर. तेव्हा या शब्दातील दोष नुसत्या जाण्यात नाही. तोंड फिरवून जाण्यात आहे.

भाष्यकारांनीही हाच कटाक्ष ठेवलेला दिसतो. श्रीशंकराचार्य या पदाचा अर्थ शत्रूपासून पराङ्मुख न होणे असा करतात. श्रीरामानुजाचार्यांच्या मते आपले मरण निश्चित दिसत असतानाही मागे न वळणे म्हणजे अपलायन. ज्ञानेश्वर महाराजांनी तर सूर्याकडे सदैव तोंड करून राहणाऱ्या झाडाचा दृष्टांत देऊन हे लक्षण समजावले आहे. त्या झाडाची मुळे हलत नाहीत, पण मुख मात्र क्षणाक्षणाला वळत असते. ते कोणाकडे वळते, यावर त्याचे नाव ठरते.

आणखी दोन बारकावे ध्यानात घ्यावेत. मूळ श्लोकात ‘युद्धात’ या शब्दापाठोपाठ ‘ही’ या अर्थाचे अव्यय आलेले आहे. ‘युद्धातही न पळणे’ असे म्हणताच, इतर प्रसंगी न पळणे हे आधीच गृहीत धरले गेले. जो घरात पळपुटा आहे तो रणात अचानक स्थिर होईल, अशी आशा गीता बाळगीत नाही. दुसरे असे की, अपलायनाच्या लगेच पुढे ‘दान’ हे लक्षण आले आहे. दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ मानले जाते. पडलेल्या माणसाला ‘मी येथे आहे’ एवढे आश्वासन देणे हे अभयदानच होय. तेव्हा जखमी सोबत्याचे रक्षण हे कर्म पाचव्या आणि सहाव्या लक्षणांच्या सांध्यावर उभे आहे.

शास्त्रातील दृष्टांत : प्रद्युम्नाचा सारथी

महाभारताच्या वनपर्वात खुद्द श्रीकृष्णांनी युधिष्ठिराला सांगितलेली एक कथा आहे. श्रीकृष्ण इंद्रप्रस्थास असताना शाल्वाने मोठी सेना घेऊन द्वारकेवर चाल केली. नगरीच्या रक्षणार्थ प्रद्युम्न बाहेर पडला. घनघोर युद्धात शाल्वाच्या बाणांनी विद्ध होऊन तो रथातच मूर्च्छित झाला. त्याचा सारथी दारुकाचा पुत्र होता. त्याने क्षणाचाही विलंब न लावता घोडे वळवले आणि रथ रणाबाहेर नेला.

प्रद्युम्न शुद्धीवर आला तो संतापूनच. हे वृष्णिकुळाला शोभणारे नव्हे. आता वडील काय म्हणतील, बलराम काय म्हणतील, घरच्या स्त्रिया काय म्हणतील, यापेक्षा मरण बरे होते, असे बोल त्याने सारथ्याला लावले. सारथ्याने नम्रपणे, पण ठामपणे उत्तर दिले. आपण भयाने हे केले नाही. रथी अचेत झाला असता त्याचे रक्षण करणे हा सारथ्याचा धर्म आहे आणि तो आपण पाळला, असे त्याचे म्हणणे होते. एवढे बोलून तो थांबला नाही. त्याने रथ पुन्हा शत्रूसेनेत घातला, प्रद्युम्न पुन्हा लढला आणि शेवटी शाल्वालाच द्वारका सोडून जावे लागले.

या कथेतील वादाचे दोन्ही पक्ष खरे आहेत, आणि म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे. प्रद्युम्नाला कीर्तीची चिंता आहे, सारथ्याला प्राणाची. प्रद्युम्न विचारतो, लोक काय म्हणतील? सारथी विचारतो, माझ्या रथात कोण पडला आहे? कथेचा निर्णय शब्दांत सांगितलेला नाही; रथ परत फिरला या कृतीत तो आहे. सारथी मागे आला, पण त्याचे तोंड फिरले नव्हते.

इतिहासातील दृष्टांत : बुराडी आणि पानिपत

आता ज्या गोष्टी आपल्या महाराष्ट्राच्या अंतःकरणाला भिडलेल्या आहेत त्यांकडे वळू. अहमदशहा अब्दालीची स्वारी पंजाबातून पुढे आली तेव्हा दत्ताजी शिंदे दिल्लीच्या रक्षणास यमुनेच्या काठी उभे होते. नजीबखान रोहिला अब्दालीला जाऊन मिळाला होता. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर शत्रूने नदी ओलांडली. पात्रात बेटे आणि झाऊची दाट झुडुपे होती. त्यांच्या आडून बंदुकांचा मारा होऊ लागला. मराठ्यांचा भर तलवारीवर आणि भाल्यावर होता. घाटावरची आपली माणसे अडचणीत आल्याचे कळताच दत्ताजी स्वतः त्यांच्या मदतीला धावले आणि गोळी लागून पडले. त्यांचे मस्तक कापून नेण्यात आले. त्याच झुंजीत त्यांचे पुतणे जनकोजी, ऐन पोरवयातले, दंडाला गोळी लागून जखमी झाले. उरलेल्या सैन्याने जनकोजींसह माघार घेतली.

पडलेल्या दत्ताजींना शत्रूने पुन्हा लढणार काय असे हिणवून विचारले आणि त्यांनी, वाचलो तर आणखीही लढू, या आशयाचे उत्तर दिले, ही बखरीची परंपरा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. या उत्तराकडे आपण केवळ आवेश म्हणून पाहतो. त्यातील विचार मात्र दुर्लक्षिला जातो. त्या उत्तरात ‘वाचलो तर’ असे एक पद आहे. वाचणे ही लाज आहे असे तो वीर म्हणत नाही. वाचलेल्याच्या माथ्यावर एक ऋण असते, एवढेच तो सांगतो. त्या दिवशी जनकोजींना घेऊन जे मागे आले, त्यांच्या माघारीचे समर्थन मरणाऱ्या दत्ताजींच्या तोंडीच परंपरेने ठेवले आहे. जनकोजींनी ते ऋण फेडले. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, ते पानिपतावर लढले, शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले.

त्याच पानिपताच्या संध्याकाळी दुसरा प्रसंग घडला. दत्ताजींचे धाकटे सावत्र बंधू महादजी रणातून निघाले असता एका अफगाण स्वाराने पाठलाग करून त्यांना गाठले. पायावर असा घाव बसला की ते जन्मभर लंगडत राहिले. अंगावरचे सर्व लुटले गेले, आणि ते वाटेच्या कडेला असहाय पडून राहिले. त्यांना पाहिले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखालीने पाणी वाहणारा तो माणूस. त्याने महादजींना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेने सुरक्षित नेले.

क्षणभर त्या परिस्थितीचा विचार करावा. फौज फुटली होती. ज्याला त्याला आपला जीव प्यारा झाला होता. पाठलाग करणारे मैलोगणती कापीत चालले होते. एकट्याने, मोकळ्या हाताने निसटणे राणेखानाला सोपे होते. बैलावर एक जखमी सरदार घेतला म्हणजे चाल मंदावली, ओळखले जाण्याचे भय वाढले, आणि सापडल्यास मरण निश्चित झाले. शिवाय त्या घटकेला महादजी हा काही कोणाला जहागीर देऊ शकणारा पुरुष नव्हता. शिंद्यांच्या घराण्याचे कर्ते पुरुष एकापाठोपाठ एक पडले होते आणि त्याचे स्वतःचे भवितव्य अंधारात होते. फळाची आशा धरण्याजोगे तेथे काही उरलेच नव्हते. निष्काम कर्माचे याहून रोकडे उदाहरण शोधू जाता सापडणे कठीण.

पुढे काय झाले हे इतिहास सांगतो. महादजींनी त्याला ‘भाई’ म्हटले आणि मराठी कागदपत्रांत तो ‘राणेखानभाई’ याच नावाने वावरतो. तो सेनानायक झाला. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली, तीत महादजी अग्रभागी होते. १७८८ मध्ये नजीबखानाचा नातू गुलाम कादिर याने दिल्लीच्या किल्ल्यात बादशहा शाह आलमचे डोळे काढले. तेव्हा महादजींनी सैन्य देऊन ज्याला पाठवले तो हाच राणेखान. त्याने किल्ला घेतला, आंधळ्या वृद्ध बादशहाला संरक्षण दिले आणि गुलाम कादिराचा पाठलाग केला. सत्तावीस वर्षांपूर्वी वाटेत पडलेल्या घायाळापाशी जो थांबला, तोच पुन्हा एका घायाळापाशी येऊन उभा राहिला. मागे गेलेला रथ परत फिरला तो असा.

आजच्या दिल्लीतील साक्ष

आपल्यापैकी जे वाचक दिल्लीस जातात त्यांच्या पायांखालून कस्तुरबा गांधी मार्ग बहुधा जातो. पूर्वी याला कर्झन रोड म्हणत. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत जाणाऱ्या या मार्गावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. तेथे उतरलेल्या मराठी माणसाने मार्गाच्या टोकापर्यंत चालत जावे. इंडिया गेटच्या परिसरात २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय समर स्मारक आहे. चक्रव्यूहाच्या कल्पनेवर त्याची चार वर्तुळे रचलेली आहेत : मध्यभागी ज्योतीचे अमर चक्र, त्याभोवती वीरता चक्र, नंतर पंचवीस हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे कोरलेले त्याग चक्र, आणि सर्वांत बाहेर पहारेकऱ्यांप्रमाणे उभ्या असलेल्या वृक्षरांगांचे रक्षक चक्र. भारतीय युद्धातील चक्रव्यूहात अभिमन्यू एकटा सापडला, कारण मागून येणाऱ्या सोबत्यांना जयद्रथाने अडवून धरले. येथला व्यूह उलटा आहे. जे पडले ते आत आहेत आणि रक्षण करणारे त्यांच्याभोवती उभे आहेत.

वीरता चक्रातील धातुशिल्पांत तिथवाल आणि रेझांग ला या दोन लढाया आहेत. काश्मीरमधील तिथवाल भागात रिछमार गली येथे १३ ऑक्टोबर १९४८ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे लान्स नायक करमसिंग पुढच्या ठाण्यावर होते. आक्रमकांचे हल्ले एकामागून एक येत होते. दारूगोळा संपत आला, करमसिंग स्वतः जखमी झाले. त्यांनी एका सोबत्याच्या साहाय्याने दोन गंभीर जखमी जवानांना मागे आणले आणि नंतर ते पुन्हा लढले. जखमा असूनही त्यांनी रण सोडले नाही आणि आठ हल्ले परतवले गेले. त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि ते १९९३ पर्यंत जगले. दारुकाच्या पुत्राने जे केले तेच हे : मागे येणे, राखणे, पुन्हा जाणे.

रेझांग ला येथील घटना याहून कठीण आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये सोळा हजार फुटांहून उंच त्या खिंडीत मेजर शैतानसिंग आणि तेराव्या कुमाऊँ पलटणीची एक तुकडी चिनी फौजेशी लढली. सुमारे १२० जणांपैकी ११४ कामी आले. मेजर गंभीर जखमी झाले तेव्हा जवान त्यांना उचलून नेऊ लागले, पण शत्रूचा मारा त्यांच्यावर होऊ लागताच मेजरांनी आपल्याला तेथेच ठेवून जाण्याची आज्ञा केली. बर्फ वितळू लागल्यावर, पुढच्या वर्षी, त्यांचा देह तेथेच सापडला. येथे जखमी मनुष्यच सोबत्यांचा रक्षक झाला. सोबत्याला बंधनातून मोकळे करणे हेही जखमीचे अभयदान होय, हे यावरून शिकावे.

शंका आणि समाधान

पहिली शंका. अर्जुनही आपल्या माणसांच्या ममतेनेच रणातून निघू पाहत होता. मग भगवंतांनी त्याला दुर्बल का म्हटले आणि राणेखानाला आपण का गौरवावे?
समाधान. अर्जुनाच्या निघून जाण्याने कोणाचेही रक्षण होणार नव्हते. त्याच्या भरवशावर उभी असलेली सेना मात्र उघडी पडणार होती. त्याची करुणा त्याच्याच शोकाभोवती फिरत होती. आपले गात्र शिथिल होत आहे, आपले तोंड कोरडे पडत आहे, याचेच वर्णन तो करीत होता. राणेखानाच्या कर्मात त्याचे स्वतःचे असे काहीच नाही. कसोटी अशी की, आपण पाऊल उचलल्यावर मागे कोण उघडे पडले आणि बरोबर कोण आले, हे पाहावे.

दुसरी शंका. हा श्लोक तर क्षात्रकर्माचा आहे. भिस्त्याचा येथे काय संबंध?
समाधान. श्लोकात हे कर्म ‘स्वभावज’ म्हटले आहे, हे विसरू नये. त्या संध्याकाळी कित्येक शस्त्रधारी वाट दिसेल तिकडे धावत असता पखालीचा बैल हाकणाऱ्याच्या स्वभावातून धृती, दाक्ष्य, अपलायन आणि दान ही चारही लक्षणे प्रकट झाली. लक्षण जेथे दिसेल तेथे ते कर्म आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

तिसरी शंका. जखमीला राखताना मुख्य कार्य बुडाले तर?
समाधान. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. म्हणूनच भगवंतांनी अपलायनाच्या आधी ‘दाक्ष्य’ सांगितले. प्राप्त प्रसंगी योग्य ते तत्काळ ठरवता येणे म्हणजे दाक्ष्य. कधी उचलून न्यावे लागते, कधी ठाण्यावरच लढून झाकावे लागते, कधी जखमीची आज्ञा शिरसावंद्य मानून जड अंतःकरणाने पुढे जावे लागते. कृती भिन्न, पण या तिहींमध्ये मुख फिरत नाही.

गृहस्थाचे रणांगण

आता आपल्या घरी यावे. आपल्यातील बहुतेकांना शत्रूसेनेचे दर्शन घडणार नाही. पण जखमी सोबती प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा असतो. अर्धांगाने पडलेले वडील, स्मृती हरपलेली आई, धंद्यात बुडालेला भाऊ, परीक्षेत किंवा संसारात हरलेले मूल, ज्याच्याविषयी गावात बोलले जाते असा आप्त. आणि आक्रमण करणारी सेनाही असते : खर्च, जागरण, लोकापवाद, आणि सर्वांत बलवान म्हणजे आपला स्वतःचा कंटाळा.

येथे पलायनाचे रूप सूक्ष्म असते. माणूस घर सोडून जात नाही. तो फक्त तोंड फिरवतो. औषधाचे पैसे देतो, पण खोलीत जात नाही. विचारपूस करतो, पण उत्तर ऐकायला थांबत नाही. भावाच्या अडचणीचा विषय निघाला की उठून जातो. शरीर ठाण्यावर, मुख मात्र पराङ्मुख. व्याकरणाने पाहिले तर यालाच पलायन म्हणावे लागेल. याच्या उलट, जी सून नोकरीच्या गावी राहूनही सासूबाईंच्या सेवेची नीट व्यवस्था लावते, रोज त्यांच्याशी बोलते आणि हाक आली की धावून येते, ती अंतराने दूर असूनही पळालेली नाही. कोणी एकटीने सर्व भार वाहून मोडून पडावे असेही गीता सांगत नाही. करमसिंगांनाही दोन जखमींना आणताना एका सोबत्याचा हात लागलाच होता. मदत मागणे हे दाक्ष्यात मोडते, पलायनात नव्हे.

ज्या मार्गाचा वर उल्लेख केला त्याला एका गृहिणीचे नाव आहे, हे ध्यानात असू द्यावे. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, कैदेत असताना, पतीच्या सान्निध्यात निवर्तल्या. त्यांच्या हाती शस्त्र कधीच नव्हते, पण ज्यांच्याबरोबर चालण्याचे त्यांनी स्वीकारले होते त्यांच्यापासून त्यांचे मुख फिरले नाही. त्यांच्या नावाची वाट वीरांच्या स्मारकापाशी जाऊन पोहोचते, हे साधकाच्या दृष्टीने उचितच आहे.

तात्पर्य : अपलायन म्हणजे पायांचे स्थैर्य नव्हे, मुखाचे स्थैर्य होय. ज्याने आपल्यावर विसंबावे असा कोणी पडला असता त्याच्याकडून तोंड न फिरवणे, त्याला राखून पुन्हा आपल्या कर्माकडे परतणे, आणि या सर्वांचे फळ न मागणे, हे त्या एका पदात सामावलेले आहे.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात किंवा आप्तांत सध्या ‘जखमी’ कोण आहे? त्याच्याशी शेवटचे निवांत बोलणे केव्हा झाले?
२. त्याच्यापासून आपण दूर राहतो ते कर्तव्यामुळे की कंटाळ्यामुळे? उत्तर स्वतःलाच द्यावे.
३. प्रद्युम्नाचा प्रश्न आणि सारथ्याचा प्रश्न, यांपैकी कोणता आपल्या मनात आधी उठतो?
४. आपण स्वतः जखमी झालो तर सोबत्याला मोकळे करण्याचे धैर्य आपल्यात आहे काय?

पुढील पाठापर्यंत रोज सकाळी या श्लोकाचे एकदा पठण करावे आणि दिवसातील एक घटका, मोजून एक घटका, त्या एका माणसापाशी बसावे. काही बोलणे न सुचले तरी हरकत नाही. तोंड त्याच्याकडे असावे.